दोन मॅचपुरता भरमा

येळ्ळूरच्या भरमाला फुटबॉल कळतो का, हा प्रश्न सीमा स्पोर्टिंग क्लबात कधी कुणी विचारला नाही. विचारायला फुरसत कुणाला होती? सगळे कायम नवा कोच शोधण्यात गुंतलेले. भरमा आपला ग्राउंड राखायचा. सकाळी सहाला येळ्ळूरहून जुन्या स्कूटीवर बेळगावात यायचा, चुन्याच्या फक्कीनं रेषा मारायचा, गोलच्या जाळ्या बांधायचा, चेंडूंत हवा भरायचा आणि पोरांचे बूट, मोजे, जर्सी धुऊन तारेवर वाळत घालायचा. यात त्याची बावीस वर्षं गेली होती आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

पूर्वी हा गल्लीतल्या पोरांचा क्लब होता. सात वर्षांपूर्वी सदलग्याचे तंबाखूचे व्यापारी जिनाप्पा अध्यक्ष झाले, पोरांना महिन्याचा पगार सुरू झाला, संघ राज्याच्या लीगमध्ये उतरला, आणि मग पगारी संघाला पगारी कोच हवा असं ठरलं. गंमत इथूनच सुरू झाली. सात वर्षांत अकरा कोच आले आणि अकरा गेले.

जिनाप्पा तसे देवमाणूस. पण तीन मॅच हरल्या की त्यांच्या अंगात यायचं. तंबाखूची पेंढी वास मारू लागली की ती बाजूला काढायची, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं ते सांगायचे. गोव्याचा पहिला कोच तीन बरोबऱ्या करून गेला. केरळचा दुसरा लॅपटॉपवर इतके बाण दाखवायचा की पोरं बाण शोधत राहायची आणि चेंडू समोरचे घेऊन जायचे. चौथ्यानं पोरांचं भडंग बंद केलं, तेव्हा तो हरला नसता तरी टिकला नसताच. सहावा खोली बघून येतो म्हणून गेला, तो अजून येतोय.

प्रत्येक कोचचा सत्कार मात्र झोकात व्हायचा, तोही दोनदा, येताना आणि जाताना. सेक्रेटरी नागेंद्र मास्तर कडोलीचे. गावच्या साहित्य संमेलनात दरवर्षी सूत्रसंचालन करून करून त्यांना सत्काराचं व्यसनच लागलं होतं. फेटा, शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांच्याशिवाय माणूस क्लबात यायचा नाही आणि जायचा तर मुळीच नाही. मानपत्र एकच होतं. मास्तर त्यात फक्त नाव बदलायचे, आणि निरोपाच्या वेळी क्रियापदं भूतकाळात टाकायचे. आठव्या कोचच्या वेळी कागदांची अदलाबदल झाली. बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बिचाऱ्याला ऐकावं लागलं की त्याच्या आगमनानं क्लबाला सोन्याचे दिवस येणार आहेत. त्यानं तेही हात जोडून ऐकून घेतलं.

एक गेला आणि दुसरा आला, यांच्यामध्ये पंधरा-वीस दिवसांची फट पडायची. अशा वेळी जिनाप्पा सकाळी ग्राउंडवर यायचे, गोलच्या खांबाला टेकून उभे राहायचे आणि ठरलेलं वाक्य बोलायचे, "भरमा, नवीन माणूस मिळंस्तवर दोन मॅच सांभाळ रं." भरमा "व्हय आप्पा" म्हणायचा आणि हातातली फक्की झटकायचा.

अशा सुट्या सुट्या बावीस मॅच त्यानं सांभाळल्या आणि त्यातल्या चौदा जिंकल्या. याचं श्रेय कधी गेलेल्या कोचच्या शिकवणुकीला मिळालं, कधी येणाऱ्याच्या पायगुणाला. अजून गाडीतही न बसलेल्या माणसाचा पायगुण बेळगावात कसा पोचतो, हे मास्तरांना विचारायची सोय नव्हती. भरमालाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

तो करायचा तरी काय? विशेष काही नाही. ग्राउंडचा पूर्वेचा कोपरा जुन्या भातशेतीचा, तिथं चेंडू बसतो, उसळत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून पहिल्या हाफात तिकडून खेळू नका म्हणायचा. कुणाच्या बुटाचा तळ कुठल्या बाजूनं झिजलाय, कुणाच्या मोज्याला बामाचा वास येतोय, हे त्याला धुताना कळायचं. शिवाय पोरं त्याच्याशी बोलायची. "अण्णा, घोटा दुखतोय," "अण्णा, घरात भांडण झालंय, डोकं जाग्यावर न्हाय." भरमा ऐकायचा आणि त्या पोराच्या जागी दुसरा उतरवायचा, एवढंच त्याचं शास्त्र.

पण मनात एक गोष्ट होती, आणि ती फक्त बायकोला, रुक्माबाईला, माहीत होती. आलेल्या प्रत्येक कोचला पोरं पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणायची. काल मिसरूड फुटलेला कोचसुद्धा सर, आणि भरमा बावीस वर्षं अण्णाच. एकदा तरी आपल्याला कुणी सर म्हणावं, असं त्याला फार वाटायचं. पन्नाशी उलटल्यावर असली इच्छा बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून तो गप्प असायचा.

अकरावा गेला, आणि बारावा ठरलेला माणूस फोनवरच नाही म्हणाला. क्लबाची कीर्ती आता धारवाडच्या पलीकडे गेली होती. मीटिंगमध्ये मास्तरच म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, भरमालाच कोच करू. जिनाप्पांना ते एकदम पटलं. मात्र मास्तरांनी नियमही काढला: एका माणसाला दोन पदं नाहीत. कोच व्हायचं तर ग्राउंडच्या कामाचा राजीनामा द्यायचा. ते काम यंत्रवाल्या कंत्राटदाराकडे जाईल.

भरमानं घरी सांगितलं तेव्हा रुक्माबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"त्या खुर्चीवर बसल्यालं एक तरी माणूस टिकलंय व्हय?" ती म्हणाली. "तुमी फक्की मारत बावीस वर्सं टिकलासा. उद्या कोच म्हणून काढलं तर ग्राउंडबी गेलं. मग सकाळी उठून जाणार कुटं?"

तिचं म्हणणं खरं होतं, हे भरमाला कळत होतं. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं झालं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं राजीनाम्यावर सही केली.

सत्कार थाटात झाला. फेटा बांधला, शाल आली. मानपत्रात मास्तरांनी नेहमीप्रमाणे फक्त नाव बदललेलं, त्यामुळे दूरच्या मुलखातून आलेल्या या पाहुण्याला बेळगावचं हवापाणी मानवो, अशी शुभेच्छा भरमाला मिळाली. येळ्ळूरचे लोक खुर्च्यांवर लोळून हसले. पण हार घालताना गोलकीपर ओमकार 'सर' म्हणाला, आणि भरमाला वाटलं, आता काहीही होवो.

आणि झालंही तसंच. ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून भरमा खुर्चीत बसू लागला, कारण कोच खुर्चीत बसतात. पोरं सर, सर करत चार हात लांब उभी राहू लागली. पहिली मॅच बरोबरीत सुटली, पुढच्या दोन गेल्या. भरमाला कळेना, ग्राउंड तेच, पोरं तीच, मग बिघडलं कुठं? जर्सी-मोजे आता कंत्राटदाराच्या यंत्रात धुतले जात होते आणि सगळ्यांना एकसारखा साबणाचा वास येत होता.

चौथ्या मॅचला ओमकारनं अगदी पोरकट गोल खाल्ला. हातात आलेला चेंडू सुटून मागं गेला. तीही मॅच हरल्यावर त्यानं हातमोजा काढला, तर मधलं बोट टम्म सुजलेलं. दहा दिवस तो तसाच खेळत होता. सांगितलं का नाहीस, असं भरमानं विचारलं.

"तुमी टीममधनं काढलं असतं, सर," ओमकार खाली बघत म्हणाला. "अण्णाला सांगितलं असतं मी."

भरमाला हे शब्द चांगलेच झोंबले. ज्या एका शब्दासाठी त्यानं ग्राउंड सोडलं होतं, त्याच शब्दामुळे पोरं त्याच्यापासून लांब गेली होती. आता कळून उपयोग नव्हता. रविवारी मीटिंग लागली होती.

मीटिंग पाऊण तास चालली. भरमा बाहेर बाकावर बसला होता. आत खव्याचा कुंदा फिरला, चहा फिरला आणि बाराव्या कोचला निरोप द्यायचं ठरलं. पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ. या वेळी मास्तरांनी क्रियापदं न चुकता भूतकाळात टाकली होती. भरमानं नारळ स्कूटीच्या डिकीत ठेवला आणि घर गाठलं. रुक्माबाईनं नारळ फोडला, खवला आणि वड्या केल्या. ती बोलली असती तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

सोमवारी पाचला भरमाला सवयीनं जाग आली. चहा घेतला, दारात बसला, उठला, पुन्हा बसला. गळ्यातली शिट्टी द्यायची राहिलीय, असं बायकोला सांगून तो शेवटी निघालाच. शिट्टी एखाद्याच्या हातानं पाठवता आली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. रुक्माबाईनं त्याला अडवलं नाही.

ग्राउंडवर कुणी नव्हतं. बुधवारी मॅच होती आणि कंत्राटदाराच्या यंत्रानं रेषा मारून ठेवल्या होत्या. भरमा बघतच राहिला. कॉर्नरजवळ रेषा अशी वळली होती, की लाइनमननं कुठल्या बाजूला उभं राहावं हेच कळू नये. शिट्टी खिशात गेली. सामानाच्या खोलीमागून त्यानं आपली दोरी काढली, दोन खुंट्या ठोकल्या, घमेल्यात फक्की घेतली आणि वाकून जुनी रेषा पायानं पुसत नवी मारू लागला. आपल्याला इथं कुणी नेमलेलं नाही, हे त्याला पंधरा-वीस फुटांवर आठवलं. पण रेषा अर्धी सोडता येईना.

तेवढ्यात जिनाप्पांची गाडी आली. ते फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये नव्या कोचबद्दल बोलत होते. बोलत बोलत गोलच्या खांबापर्यंत आले, त्याला टेकले, फोन बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"भरमा," ते म्हणाले, "नवीन माणूस मिळंस्तवर दोन मॅच सांभाळ रं."

भरमा सरळ उभा राहिला. हसावं की रडावं, त्याला कळेना. आप्पा चेष्टा करतायत असं वाटून त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथं चेष्टा नव्हती; काळजी होती, दर वेळी असायची तेवढीच.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "काल मलाच काढलासा की तुमी."

जिनाप्पा थबकले. त्यांनी भरमाकडे पाहिलं, त्याच्या पांढऱ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, अर्ध्या मारलेल्या रेषेकडे पाहिलं. माणूस चुकला की सारवासारव करतो, तसं त्यांनी काही केलं नाही. त्यांना खरोखरच प्रश्न समजला नव्हता.

"काल कोचला काढलं," ते म्हणाले. "तुला कोण काढंल रं?"

बावीस वर्षांत भरमाला इतकं मोठं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणाऱ्याला आपण काय म्हटलं याचा पत्ताही नव्हता. हातांना फक्की होती, म्हणून त्यानं डोळे दंडाला पुसले.

"व्हय आप्पा," तो म्हणाला. "तेवढी दोरी धरा तिकडनं."

आणि धुतल्या पांढऱ्या कपड्यांतले अध्यक्ष मुकाट्यानं कॉर्नरपाशी जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी दोरी ताणून धरली.