दिवाणातले ढेकूण

हे मी यांनाही सांगितलं नाही. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. ते आता नाहीत. जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपली बायको तोंडाळ आहे, पण खोटारडी नाही. बहिणीला सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं मोठं कारण शोधू नका, नाहीये.

गोष्ट ढेकणांची आहे. हसलात? हसा. मीही हसले असते.

नव्वदनंतरची ती वर्षं. दिल्लीत जो तो नव्या कंपनीत चिकटत होता, कर्ज काढून यमुनेपलीकडे फ्लॅट बुक करत होता. आमचाही नोएडात एक बांधून होत होता. तोवर मुनिरक्यात भाड्याच्या दोन खोल्या. घरमालकीण जाटीण, आवाज खणखणीत. नवा भाडेकरू आला की त्याला आधी माझ्या स्वयंपाकघरात आणायची, ओटा दाखवायची आणि म्हणायची, देखो, मराठी लोग कैसे साफ रहते हैं. मी वरवर ‘अरे, बस बस’ म्हणायचे आणि आतून फुगायचे. खरं सांगू? त्या फुगण्यावरच जगत होते मी. यांच्या ऑफिसात यांना बढती नव्हती, मला नोकरी नव्हती. माझ्याकडे होतं काय — तो ओटा!

तिथे शिकायला राहिलेली मुलं खोल्या सोडताना सामान विकून जायची. त्यांच्याकडून मी एक दिवाण घेतला. पॉलिश बघितलं, फळी ठोकून बघितली. सांधे बघितले का? नाही. खिळ्यांची भोकं? नाही. जुनं लाकूड घरात घ्यायचं तर दारातच उलटं करून बघायचं असतं, हे मला आज कळतंय आणि आज त्याचा काडीचा उपयोग नाही.

महिन्याभरात अंगावर एका ओळीत गांध्या उठायला लागल्या. मी म्हटलं, डास. कळत होतं हो — डास असे रांगेत चावत नाहीत. मग चादरीवर काळे ठिपके दिसले, आणि तो वास. मग मी लागले मागे. सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, रॉकेलचा बोळा फिरवला, फटीफटीत पांढरी पावडर भरली. गाद्या गच्चीवर टाकल्या. शेजारणींनी विचारलं तर म्हटलं, उन्हाळी कामं काढलीत. फवारणीवाल्याला बोलावलं असतं तर तो पंप घेऊन गल्लीतून आला असता. सगळ्यांना दिसला असता. शिवाय भिंतीपलीकडच्यांनीही एकाच वेळी फवारायला हवं होतं, म्हणजे त्यांना सांगायला हवं होतं. मी? मी सांगणार? त्यापेक्षा चावून घेतलं. आठवडाभर बरं वाटायचं, की ते पुन्हा हजर.

एवढंच असतं तर कबुली कसली. भाड्याच्या घरात ढेकूण कुणाला झाले नाहीत?

नोएडाचा ताबा मिळाला. आता दिल्लीत आपल्या लोकांची एक रीत होती — मराठी माणसानं घर सोडलं की ते मराठी माणसालाच मिळवून द्यायचं. घरमालकिणीलाही ‘वैसेही लोग’ हवे होते. तिथल्या मराठी मंडळातून एक कुटुंब कळलं: नवरा नव्या टेलिफोन कंपनीत, त्याची आई, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली रोहिणी. नगरकडची मुलगी. हसरी, जरा घाबरट, हिंदी बोलताना आधी माझ्या तोंडाकडे बघणारी.

मी खोल्यांना डिस्टेंपर मारून घेतला. भिंतीतल्या भेगा बुजवल्या. आणि दिवाण — तो काही मी माझ्या नव्या फ्लॅटमध्ये नेणार नव्हते. तो मी रोहिणीला दिला. भेट म्हणून! वर हळदीकुंकवाचं बोट लावून. मंडळात माझं कौतुक झालं, बघा कसं आपल्या माणसाला धरून राहावं. मी ते कौतुक घेतलं. लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

पुढे काय होणार ते तुम्हाला कळलंच असेल. पण एक तुम्हाला कळणार नाही, मलाही सुचलं नव्हतं. रोहिणीच्या वडिलांनी लेकीबरोबर गादी पाठवली होती. नवा कापूस भरून, आगगाडीतून, स्वतः सोबत बसून. ढेकूण निघाले तसं सासूबाईंनी ठरवून टाकलं — माहेरच्या गादीतून आले. ती गादी त्यांनी मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाळायला लावली, सगळी गल्ली बघत असताना. रोहिणी म्हणत राहिली, आमच्या घरी नाहीत हो, आधीचे असतील. त्यावर सासूबाईंचं एकच: त्या बाईंच्या घरात? शक्यच नाही.

संक्रांतीला नोएडात मी पहिलं हळदीकुंकू केलं. मंडळातल्या सगळ्या आल्या, नव्या सोफ्यावर दाटीवाटीनं बसल्या. या दोघीही आल्या. तिळगूळ झाला, आणि सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “तुम्ही इतकी वर्षं राहिलात तिथे. खरं सांगा, एक तरी ढेकूण दिसला होता?”

रोहिणीनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

होय म्हटलं असतं तर? सगळ्या बायका चट्‌कन सोफ्यावरून उठल्या असत्या. एकेकीनं साडी झटकली असती. एवढंच झालं असतं. तेवढ्यासाठी —

“छे हो,” मी म्हटलं. “एकसुद्धा नाही.”

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. कुणीतरी दुसराच विषय काढला.

त्यानंतर महिन्याभरात रोहिणीला ‘काही दिवस’ म्हणून माहेरी पाठवलं. तिला परत आणायला कुणी गेलं नाही. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते की ढेकणांवरून कुणाचा संसार मोडत नाही, दुसरंही काही असणार. असेलही. पण सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, पहिल्याच दिवसापासून खोटं बोलत होती, घाण घेऊन आली आणि वर दुसऱ्यांवर ढकलत होती. ‘खोटं बोलत होती’ हे माझ्या शब्दावर उभं होतं. मुलीला खोटी ठरवली ती मी.

आणि अजून एक राहिलंय. ते सांगितलं नाही तर वरचं सगळं सांगूनही मी लपवतेच आहे.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशी निघण्याआधी रोहिणी स्वयंपाकघरात आली. पेला ठेवायला आली असं मला वाटलं. आवाज चढवला नाही तिनं, रडलीही नाही. म्हणाली, “काकू, दिवाणाच्या फळीखालची पावडर मी पहिल्याच आठवड्यात बघितली होती. घरात कुणाला बोलले नाही. म्हटलं, चारचौघांत तुमचं नाव कशाला, विचारलं तर तुम्हीच सांगाल.”

मी काय केलं? बाहेर बायका होत्या. मी कुंकवाची कोयरी उचलली, तिच्या कपाळाला बोट लावलं, हातात वाण दिलं. ती सवयीनं वाकली, माझ्या पाया पडली. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून, बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं — अखंड सौभाग्यवती हो.