समोरची जिथे नाही तिथे

काल संध्याकाळी सोसायटीच्या आवारात शेजारच्या नीलाकाकूंनी आग्रहाने माझ्या हातात रॅकेट दिली. मी एकेकाळी राज्याकडून बॅडमिंटन खेळायचे, हे त्यांना ठाऊक होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्पर्धा सुटल्या आणि रॅकेटही सुटली होती.

पहिलं शटल मी त्यांच्या मागच्या कोपऱ्यात टाकलं, दुसरं अगदी पुढे, जाळीऐवजी बांधलेल्या दोरीलगत. काकू दोन्हीकडे धावल्या आणि धापा टाकत थांबल्या.

"अगं, माझ्याकडे दे ना! खेळायचंय आपल्याला."

मी गोंधळलेच. समोरची जिथे नाही तिथे शटल टाकायचं, हेच तर मी लहानपणापासून शिकले. त्यापायी मैत्रिणींच्या लग्नांनाही गेले नाही. मग इतकी वर्षं मी जे केलं, तो खेळ नव्हता? की काकू म्हणतात तोच खेळ नव्हे?

पुढचं शटल मी जपून, थेट त्यांच्या रॅकेटवर दिलं. त्यांनी परत केलं, मी पुन्हा दिलं. अंधारून येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

"कोण जिंकलं?" गॅलरीतून काकांनी विचारलं.

"अहो, मोजलंच नाही!" काकू हसत म्हणाल्या.

घरी आल्यावर मी मनातल्या मनात गुण मोजू लागले. कुठला गुण कुणाला द्यावा, तेच मला कळेना.