जावयाच्या ताटातलं तूप

माझी थोरली जाऊ चंद्रभागाबाई पहाटे उठली की तुळशीला पाणी घालण्याआधी परसात जायची आणि बाभळीच्या बुंध्याशी वाकून माती बघायची. मी नवी नवरी. मला वाटलं, बाईंचं काही हरवलंय. पुढं कळलं, त्या मुंग्या शोधत होत्या.

आमचे सासरे जिथं लघवीला बसत तिथं मुंग्यांची रांग लागायची. आमच्या युसूफ वडगाव गावात त्याची थट्टा व्हायची, "पाटलाचं पाणीबी गोड!" सासरे वर मिशीला पीळ देत. भाकरीच्या काल्यावर तूप तरंगलं नाही तर ताट सरकवणारा माणूस. पुढं तहान भागेना, नजर गेली, पायाचा अंगठा काळा पडला आणि गेले. त्यांच्यामागून त्यांचा थोरला लेक, चंद्रभागाबाईंचे मालक त्रिंबकराव, त्याच वाटेला लागले.

तेव्हा केजहून हकीमसाहेबांना आणलं होतं. बाईंनी पडद्याआडून विचारलं, "माझ्या लेकराला बी होईल का हे?"

"बी बापाचं हाय, बेटी," हकीमसाहेब म्हणाले. "ते काढून टाकता येत न्हाई. पर बी पानी मिळाल्याबिगर उगवत न्हाई. गूळ तर बंद कराच. पर त्याचं खरं पानी म्हंजे तूप, मलई अन् बसून खाणं. पोराला कोरडं खाऊ घाला, रानात राबवा."

माझे यजमान दाराशीच उभे होते. आता घराचे कर्ते तेच. त्यांनी त्यातलं 'गूळ बंद' एवढंच उचललं. त्रिंबकरावांना अशक्तपणा आला म्हणून वाटीतलं तूप मात्र वाढवलं. तुपानं बळ येतं, हे आमच्याकडं देवाच्या नावाइतकं खरं. त्रिंबकराव त्या बळावर दिवाळीही पाहू शकले नाहीत.

बाईंनी मात्र सगळं ऐकलं होतं. लेकाला, धर्मराजला, त्यांनी औतामागं घातलं, ठेचा-भाकरीवर वाढवलं. सोयरेधायरे टोचायचे, "पोटचंच हाय ना गं पोरगं? का सवतीचं?" त्या हसायच्या आणि दुसरी भाकरी वाढायच्या, तीही कोरडी. पोरगा वेतासारखा काटक झाला. बाभळीखालची माती स्वच्छ राहिली.

मग यजमानांनी नेकनूरच्या आप्पांशी साटंलोटं ठरवलं. आप्पांची विमल आमच्या धर्मराजला आणि वर्षाच्या अंतरानं त्याची बहीण अंजना आप्पांच्या बिभीषणला. आप्पांची दावण म्हशींनी भरलेली. त्यांच्या तुपाला बीडच्या बाजारात नाव. धर्मराजचं लग्न झालं आणि लगेच धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि तो ताटावर आडवा हात धरीपर्यंत तूप ओतायचं. लवकर हात धरला तर तो रुसला तरी किंवा आजारी तरी.

बाई यजमानांसमोर येऊन उभ्या राहिल्या. विधवा झाल्यापासून त्या कधी त्यांच्यापुढं येत नसत. "भावजी, आप्पांच्या कानावर घाला. लेकराला तूप नगा म्हणावं."

"कावून म्हणून इचारलं तर काय सांगू?" यजमान म्हणाले. "आमच्या रक्तात मरण हाय म्हणू? वैनी, विमल उद्या माघारी जाईल अन् तुमची अंजना जन्मभर चुलीपाशी बसंल. बोला, सांगू?"

बाईंनी पदर तोंडावर घेतला. अंजना तेव्हा मागच्या सोप्यात जात्यावर बसली होती.

शेवटी गुळाचा नवस सांगितला. बहिणीचं लग्न सुखरूप पार पडावं म्हणून जावयानं गूळ सोडलाय. नवसाला कोण नाही म्हणतं? पण तुपाचा नवस ऐकलाय का कुणी? तूप सुटतं ते दुष्काळात. आप्पा दिलदार माणूस. म्हणाले, "गूळ न्हाई तर न्हाई, आमी दुप्पट तूप घालू." त्याच्यासाठी पुरणाविना धोंडे केले आणि तांब्यानं तूप ओतलं. पोरगं परत आलं ते ओठ चाटत. तोवर त्याला चवच ठाऊक नव्हती.

मग दर सणाला तिकडून घागर यायची. विमल मायेनं वाढायची. "घ्या की! आमचा बाप काय भिकारी हाय?" धर्मराज औतावर गडी ठेवून ओट्यावर बसायला लागला, गालफडं भरली. गाव म्हणायचं, सासर मानवलं. अंजनाचं लग्न पार पडलं, नवस फिटला, गूळही आला. एका पहाटे बाई परसातून आल्या आणि तुळशीला पाणी न घालताच भिंतीला टेकून बसल्या. मी जाऊन पाहिलं. बाभळीपासून कुंपणाच्या वईपर्यंत काळी रेघ होती.

धर्मराजला मिसरूड पिकण्याचं वय काही मिळालं नाही. बापासारखाच पाय, तोच वास. आप्पा रडत म्हणाले, "कुणाची दीठ लागली हो! आमच्या तुपात काय कमी पडलं?" यजमान खाली मान घालून बसले होते. मी विठ्ठलापुढची तुपाची वात त्या दिवशी तेलाची केली. पाप असेल तर माझ्या माथी.

या वर्षी पुन्हा धोंडा आला. आता जावई बिभीषण. अंजना आणि पाच वर्षांच्या भारतला घेऊन तो जेवायला बसला. पोराच्या ताटात मी तूप हात आखडून धरलं, तर बिभीषण म्हणाला, "सोडा हात, मामी! गडी आमच्या म्हशीवर वाढलाय."

तेवढ्यात चंद्रभागाबाई आतून आल्या आणि त्यांनी भारतच्या ताटावर आपला हात आडवा धरला. गरम तूप त्यांच्या बोटांवर सांडलं.

"कावून, मामी?" बिभीषणनं विचारलं.

आणि बाईंनी सांगितलं. सासरा, नवरा, लेक, हकीमसाहेब, नवस, सगळं. यजमान मधे ओरडले, "वैनी!" त्या थांबल्या नाहीत. "तुमच्या तुपाला बोल न्हाई, बाबा. बी आमचं. पर ते या लेकरात बी हाय, याला पानी घालू नगा."

बिभीषणनं भरल्या ताटाला नमस्कार केला, हात धुतला. "म्हंजे माझी बहीण जाणूनबुजून रांड केली तुमी," एवढंच बोलला. गाडी जुंपली ती एकट्यासाठी. अंजना वेशीपर्यंत मागं पळाली.

आता भारत इथंच असतो. रानात जातो, कोरडी भाकरी खातो. अंजना आईशी बोलत नाही. बोलली ती एकदाच. सकाळी पोरगं परसातून पळत आलं आणि सवयीनं बाई तिकडं निघाल्या, वाकून माती बघू लागल्या. अंजना मागच्या दारातून ओरडली, "काय बघती गं, माय? माझा संसार सांडलाय का तिथं?"

बाई उठल्या नाहीत. एका हातानं गुडघा धरून, दुसऱ्यानं पाचोळा सारून त्या पुढची माती बघत राहिल्या.