गिटारवर धवला

पेणच्या रामवाडी स्टँडवर मी पनवेलच्या एसटीत चढले तेव्हा आईपेक्षा आत्याच जास्त बोलत होती. पोह्याच्या पापडांचा डबा खिडकीतून आत ढकलत म्हणाली, "रडतंस कशाला गो? मस्कत काय चंद्रावर हाय?" आई पदरानं खिडकीची काच पुसत होती.

आत्या आमच्या खाडीकाठची धवलारीण. आमच्याकडे लग्नाची हळद धवले गायल्याशिवाय लागत नाही, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजीसुद्धा तिच्यापुढे जरा दबकूनच असायचे.

तुम्ही मागे राहिला असाल किंवा माझ्यासारखी बॅग भरून निघाला असाल, तुम्हाला ठाऊक आहे, आपण गेल्यावर घर जागेवर थांबत नाही. भावाला रोह्याला कंपनीत नोकरी लागली आणि आत्यासकट सगळी तिथल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मी मस्कतला लॅबमध्ये रक्त तपासते, शिफ्ट संपली की तिथली खुबूस रोटी खाते, मोडक्या अरबीत भाव करते. मजेत आहे, उगाच कशाला रडगाणं!

मग धाकट्या बहिणीचं, मनीषाचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. भाऊ म्हणाला, हळदीला डीजे सांगू. माझं डोकंच फिरलं. धवलारणीच्या घरातल्या पोरीला बिनधवल्याची हळद? फोनवर सांगून टाकलं, "धवला मी गाणार." म्हटलं खरं, पण एकटीनं सूर धरायच्या नावानं माझी बोंब. माझी रूममेट ग्रेस फिलिपिन्सची, गिटार छान वाजवते. तिला म्हटलं, बाई, मला शिकव.

बोटांना फोड आले. एफ कॉर्ड काही केल्या लागेना, तेव्हा ग्रेसनं गिटारच्या दांडीला कॅपोचा चिमटा लावून तो काटाच काढला. "खाडीच्या पान्याला भरती आली गो, नवरीच्या अंगाला हलद लागली गो." धवल्याला ठेका नसतो, बाईचा श्वास पुरेल तेवढी ओळ. मी मात्र तो मोबाईलच्या टिकटिकीवर बसवला आणि दोन ओळींमध्ये रिकामं वाटू नये म्हणून झणझणीत स्ट्रमिंग भरलं. ग्रेसनं टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत आत्याला व्हिडिओ कॉल केला.

कडवं संपायच्या आत तिनं हात वर केला. आईनं मोबाईल तिच्या तोंडाजवळ नेला.

"तूच गाणार, तूच वाजवणार," आत्या कुजबुजली, "मंग आमी काय करायचा? आमाला जागा ठेव ना गो!"

मी कपाळावर हात मारला. धवलारीण ओळ टाकते, बाकीच्या बाया तीच ओळ उचलतात. लहानपणापासून ऐकलेलं, आणि मी नेमकी त्यांचीच जागा बुजवून बसले होते. परमुलखात सगळं एकटीनं निभवायची सवय लागते ना, तिचाच हा प्रताप. मग नवंच शिकले. ओळ संपली की तळहात तारांवर टेकवायचा आणि गप्प राहायचं. वाजवण्यापेक्षा ते अवघड, खोटं नाही सांगत.

हळद रोह्याला बिल्डिंगच्या गच्चीवर होती; ग्रेसची गिटार घेऊन मी सुट्टीवर आले होते. धवला गाता येणाऱ्या गावच्या बायांची गाडी वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलेली, आणि मुहूर्त तर टळत होता. घरच्या सोडल्या तर गच्चीवर होत्या त्या सगळ्या शेजारणी, धवला कधी न ऐकलेल्या. मी ओळ टाकली, तारा दाबल्या. कोणी उचलेना. बोटं शिवशिवायला लागली, भरून टाकू का जागा? नाही भरली.

तेवढ्यात घोगरा, पट्टी सुटलेला एक आवाज आला. आईचा! जन्मात चारचौघांत न गायलेली माझी आई मनीषाच्या गालाला हळद लावता लावता ओळ उचलत होती. पुढच्या ओळीला दोघीतिघी शेजारणी तिच्यामागून लागल्या. मला रडू फुटलं, पण गाणं सोडलं नाही.

आता मला कोणी विचारलं, तुझं घर कुठलं, पेण, रोहा की मस्कत, तर मी सांगते, मी ओळ टाकून गप्प बसले आणि ती जिथे कोणी उचलली, ते.

त्या दिवशी गाणं संपल्यावर आत्यानं मला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजली, "जा आता बिनघोर. इकडं तुजी आयस गाते."