त्यांच्या मुलीच्या पैशांवर मी शिकले

परदेशातल्या विद्यापीठानं माझी फी माफ केली, तेव्हा पेणच्या कॉलेजात आमच्या बाईंनी स्वतःच्या पैशानं पेढे वाटले. खाऱ्या जमिनींचा अभ्यास करायला मी निघाले होते. पण राहण्याखाण्याचा खर्च आपला आपण करायचा होता, आणि तेवढी रक्कम बँकेत दिसल्याशिवाय व्हिसा मिळणार नव्हता. आम्ही धरमतर खाडीकाठच्या गावातले. भाताचं एक पीक, आणि उन्हाळ्यात आईवडील दोघंही मिठागरावर. बँकेनं कर्जासाठी जे तारण मागितलं ते आमच्याकडे नव्हतं. आपण जात नाही, हे मी मनोमन धरून चालले होते.

मग बाईंनीच मला रोह्याला नेलं. तिथं त्यांच्या ओळखीचं एक जोडपं होतं. काका धाटावच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशी शिकायला निघाली होती. प्रवेश झाला होता, बॅगही भरून ठेवली होती. जायच्या आधीच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. तिच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे तसेच पडून होते. ते त्यांना शिकायला जाणाऱ्या एखाद्या मुलीला द्यायचे होते, परत न घेण्याच्या बोलीवर.

काकूंनी मला फारसं काही विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी ती बॅग आणली. तिच्यात नवेकोरे स्वेटर होते आणि एक जाड कोट. कोट माझ्या अंगावर चढवून त्यांनी बाह्या ओढून पाहिल्या. बाह्या लांब होत होत्या. "असू दे, थंडी वाजणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली, दर रविवारी फोन करायचा.

मी करत होते. अभ्यासाचं त्यांनी कधी विचारलं नाही. बर्फ पडताना आवाज होतो का, खिडकीतून काय दिसतं, केस कोण कापतं, जेवायला सोबत कोणी असतं का, असलंच विचारायच्या. त्यांना सांगायला काहीतरी हवं म्हणून मी शनिवारी मुद्दाम गावात हिंडून यायचे. फोन ठेवताना त्या न चुकता म्हणायच्या, "आजारी पडू नकोस."

आमच्या घरी फोन नव्हता. आईशी बोलायचं तर गावातल्या दुकानात निरोप ठेवायचा, मग ती शेतातून यायची. काकूंशी आठवड्याला बोलणं होतं आणि आईशी महिन्याला, हे तिला ठाऊक होतं. मला त्याचं वाईट वाटतं असं एकदा मी बोलून दाखवलं.

"त्या बाईला करत जा गो," ती म्हणाली. "मला तू हायस. तिला कोन हाय?"

शिक्षण संपलं. मला तिथं राहता आलं असतं, पण मला आमच्याच खाडीच्या जमिनींवर काम करायचं होतं आणि पेणला नोकरीचंही जमत होतं. येतेय म्हणून काकूंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतक्यात?" तो आनंद आहे असं मी समजले.

घरी पोचल्यावर दोनच दिवसांत आईला घेऊन रोह्याला गेले. आईनं कडव्या वालांचं गाठोडं घेतलं होतं, आणि नवी साडी नेसली होती. काकूंनी दार उघडलं. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. चहा झाला. आई आभाराचं काहीबाही बोलत राहिली. मध्येच काकूंनी मला विचारलं, "परत कधी जायचंय?"

मी म्हटलं, आता जायचं नाही.

त्या कपबशा उचलून आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्याच नाहीत.

काका आम्हाला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागल्यावर म्हणाले, "तू तिकडे होतीस, तोवर घरात असं होतं की पोरगी शिकायला गेलीय. आता तू आलीस, आणि ती नाही आली." मग त्यांनी हात जोडले. "काही दिवस येऊ नकोस, बाळा."

नागोठण्यापर्यंत मी रडत होते. आई खिडकीबाहेर बघत माझा हात धरून बसली होती.

ते काही दिवस संपले नाहीत. मी काकांना फोन करायचे. ते म्हणायचे, अजून नको. पुढं रोह्याचीच एक मुलगी परदेशी निघाली. एवढे पैसे आता त्यांच्याकडे उरले नव्हते, पण विमानाचं तिकीट त्यांनी काढून दिलं. तिचा फोन यायला लागल्यावर काकू पुन्हा बोलू लागल्या, जेवू लागल्या. काका हे आनंदानं सांगत होते आणि मलाही आनंद झाला. त्यासोबत आणखीही काही झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. ती मुलगी तिकडेच नोकरीला लागली, तिकडेच तिचं लग्न झालं. काकूंना फोन मात्र ती शेवटपर्यंत करत राहिली.

काकू गेल्याचं कळलं तसं मी पोचले. तिथं नातेवाइकांपैकी मला ओळखणारं कुणी नव्हतं. काकांनी मला बाजूला घेऊन त्या मुलीला कळवायला सांगितलं. त्यांच्यानं ते होईना. मी फोन लावला. ती फार रडली. मी तिला धीर देत राहिले.

त्यानंतर काका एकदा आमच्या गावी आले. वडिलांबरोबर बांधावरून फिरले, आईच्या हातचं जेवले. निघताना मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. काकू कधी माझी चौकशी करायच्या का?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं.

"नाही," ते म्हणाले.

मग ते रिक्षात बसले, आणि मी घरी आले.