केळ्याच्या काळ्या पुडीपायी बागबाजारला

नाशिकच्या वसुधाताई, गुडघा कसा आहे? जिना चढताय, की अजून लिफ्टच्याच दारात उभ्या? साताऱ्याचे अण्णा, खोकला गेला का? कुसुमवहिनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवसही झाले नाहीत, तेव्हा हे स्वतः वाचू नका, सुनेकडून वाचून घ्या. आणि नगरचे प्रभाकरभावजी, तुमच्या पोटातला अल्सर काय म्हणतोय? डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? माझी पूड मिळाली म्हणून त्या बंद केल्या असतील, तर आजचं लिखाण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उठू नका.

मी ठणठणीत आहे. कोलकात्याला जाऊन आले. फिरायला म्हणून नाही, भांडायला म्हणून गेले होते.

आम्ही रावेरकडचे, म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की केळीचीच बाग. सासूबाई कच्च्या केळ्यांची पूड करायच्या, त्यात ज्येष्ठमध आणि शतावरी. पोटात जखमा होऊ नयेत, जळजळ थांबावी म्हणून ताकातून द्यायच्या. त्यांच्यामागे गेली चाळीस वर्षं मी करते. माझी नात मृणाल कोलकात्यात औषधांवर संशोधन करते. तिच्या बाबांची बँकेतून तिकडे बदली झाली आणि ती तिथेच वाढली, म्हणून मराठी जरा अडखळत बोलते. तिच्या मनात आलं, आजीची पूड तपासून बघू. मी लगेच घरातला डबा पाठवला. त्या पुडीनं उंदरांच्या जठराला छान राखलं. मग एकदा झालं ते पुन्हा होतं का बघायला तिनं आणखी पूड मागवली. ती मी मुद्दाम ताजी करून पाठवली आणि त्या पुडीनं मात्र काहीच केलं नाही. पाणी पाजलेल्या उंदरांना जेवढ्या जखमा, तेवढ्याच पूड खाल्लेल्यांना.

मृणालनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तुमच्याच मापात खोट असणार. उंदरांच्या एकाच तुकडीची परवानगी आता शिल्लक होती, आणि कारण कळल्याशिवाय ती वापरायला तिच्या सरांची तयारी नव्हती. कारण सापडलं नाही तर दोन वर्षांचं काम बाजूला ठेवून नवा विषय घ्यावा लागणार होता. मग मी तिकीट काढलं.

भुसावळला दुपारी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. खालचा बर्थ मागून घ्या, दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा, नागपूरला संत्री घ्या. हावडा स्टेशनची गर्दी बघून छातीत धस्स होतं, पण तिथून टॅक्सीच्या नादी लागू नका. समोरच घाट आहे. लाँचचं तिकीट चहाच्या कपापेक्षा स्वस्त, आणि हुगळीवरून जाताना मोठा पूल डोक्यावरून असा सरकतो की मानेला रग लागली तरी मान खाली होत नाही. थेट बागबाजार घाटाला उतरायचं.

मृणाल तिथेच एका जुन्या घरात वरच्या खोलीत राहते. घरमालकीण सत्तरीच्या, मृणाल त्यांना माशीमा म्हणते, म्हणजे मावशी. आपले मराठे स्वार इकडे बर्गी म्हणून ठाऊक. त्यांच्या धास्तीनं शहराभोवती खणलेला खंदक याच बागबाजारातून सुरू व्हायचा. माशीमांनी माझ्या हातातले खाऊचे दोन डबे बघितले आणि दारातच म्हणाल्या, "आगे बर्गी लोग लेने आता था. तुम तो देने आया." मी म्हटलं, आधी आत तर घ्या, काय न्यायचं ते मग ठरवते. तिथपासून आमचं जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या दुकानात कचोरी, बटाट्याचा रस्सा आणि गरम जिलबी खाऊन (तिखट कमी, गोड भरपूर, तेव्हा मधुमेहवाल्यांनी बेतानं) आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मी चुका शोधायच्या तयारीनंच गेले होते. आत जाताना डोक्याला टोपी, पायात पिशव्या, तोंडाला फडकं. उंदरांची निगा राखणारे सुबीरबाबू पिंजऱ्यापाशी एवढ्या हळू चालतात की पाळण्यात बाळ झोपलंय असं वाटावं. काही दिवस पूड चारायची, मग जखमा करणारं औषध द्यायचं, शेवटी जठर भिंगाखाली बघून जखमा मोजायच्या. म्हणजे ते उंदीर जातात. हे मला आधी नीट उमगलं नव्हतं. मी विचारलं, प्रत्येक वेळी? सुबीरबाबू म्हणाले, "प्रत्येक बार. इसलिए हम अंदाज से कुछ नहीं करते, दीदी."

आणि खरंच नाही करत. पूड चिमटीनं नाही, काट्यावर तोलून. कुठल्या पिंजऱ्याला पूड, कुठल्याला डॉक्टरी गोळी, कुठल्याला नुसतं पाणी, त्याच्या चिठ्ठ्या सुबीरबाबूंकडे कुलपात. जखमा मोजते मृणाल, पण मोजताना तिला माहीतच नसतं की समोर कोण आहे. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "आजी, माहीत असलं तर तुझ्यासाठी मी कमी मोजेन ना." सख्ख्या आजीच्या पुडीवरही ती स्वतःचा भरवसा धरत नाही. मला आधी टोचलं. मग तिथेच स्टुलावर बसल्या बसल्या ऊर भरून आला. भांडायला आणलेलं सगळं तसंच पदराला बांधून मी परत आले.

तिसऱ्या दिवशी काही करायचं नव्हतं. मृणाल वह्या उघडून कारण शोधत होती आणि तिचा चेहरा उतरलेला. माशीमांनी माझ्यासाठी मासळीविना स्वयंपाक केला होता: भात, डाळ, पोस्तो म्हणजे खसखशीची भाजी, आणि पानात कडेला हिरवट काळी चटणी. मोहरीचं तेल, मिरची, कलौंजी. भाताशी इतकी झकास लागली की मी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "कच्चे केले का छिलका. तुम्हारे देश में फेंक देता है क्या?"

घास हातातच राहिला.

आमच्याकडे नाही फेकत. सासूबाई केळी सालासकट चकत्या करून वाळवायच्या. म्हणून तर पूड काळपट व्हायची, आणि पहिला डबा तसाच होता, घरात खायचा. पण दुसरा डबा मोठ्या संस्थेत जाणार, मृणालचे सर बघणार. माझ्या नातीची आजी गबाळी आहे असं कुणी म्हणू नये म्हणून मी एकेक केळं सोललं, वस्त्रगाळ केलं, पिठीसाखरेसारखी पांढरीशुभ्र पूड पाठवली. पाहुण्यांना कपबशा वेगळ्या काढाव्यात तशी. आणि या फरकाचा शब्द मी कुणाला सांगितला नव्हता, कारण तो फरक आहे हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रंग उजळ दिसला तो ताजी म्हणून, असं मृणालनंही धरलं होतं.

माझ्या हौसेपायी उंदरांची एक अख्खी तुकडी फुकट गेली होती, आणि वर मीच पोरीला माप चुकलं म्हणून बोलले होते. माशीमांच्या देखतच मी मृणालला सगळं सांगितलं. तिनं ताटावरून उठून, हात न धुताच, डाव्या हातानं वही ओढली. म्हणाली, "राग नंतर करेन. आधी सांग, केळी झाडावरून काढल्यावर किती दिवसांनी कापते?"

दुपारभर तिनं मला पिळून काढलं. उन्हात की सावलीत? किती दिवस? कुठल्या जातीचं केळं? ज्येष्ठमध आधी कुटायचं की नंतर? मी दर वेळी अंदाजानं म्हटलं की माशीमा पानदानावर बोट आपटून हसायच्या. इथल्याच बाजारात केळी घेऊन गच्चीवर वाळवू म्हटलं, तर मृणाल नाही म्हणाली. तुझीच केळी, तुझंच अंगण, आणि या वेळी दोन्ही कर, सालाची आणि सोललेली, म्हणजे खरंच सालामुळेच झालं का ते कळेल. तिच्या सरांनी दुसऱ्या दिवशी ती वही वाचली आणि शेवटच्या तुकडीला होकार दिला. मला हात जोडून म्हणाले की चूक कबूल करणारे लोक त्यांना पुड्या आणणाऱ्यांपेक्षा कमी भेटतात. निघताना माशीमांनी मोहरीच्या तेलाची बाटली दिली, रिकामी जाणारी बर्गी त्यांना चालणार नव्हती म्हणे.

घरी आल्यावर वहीची नक्कल फडताळाच्या दाराला चिकटवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पूड काट्यावर तोलून केली. दोन डबे पाठवले. परवा मृणालचा फोन आला. सालाच्या पुडीवाल्या उंदरांना जखमा बऱ्याच कमी. सोललेलीवाल्यांना पाण्याएवढ्याच. डॉक्टरी गोळीवाल्यांना सगळ्यांत कमी, आपल्या काळ्या पुडीहूनही कमी. मी उड्या मारायच्या आधीच ती म्हणाली, "हे उंदरांचं आहे, आजी. माणसांचं अजून कुणी बघितलेलं नाही." आणि तिच्या प्रबंधात पांढऱ्या पुडीचंही पान राहणार आहे, काय केलं आणि काय चुकलं त्यासकट. मी विचारलं, वगळलंस तर चालणार नाही का? नाही म्हणाली. थोडा वेळ वाईट वाटलं. मग वाटलं, सासूबाईंचं नाव कधी कुठे लागलं नाही, निदान त्यांचं साल तरी त्या पानावर राहील.

आता दारात पूड मागायला कुणी आलं की आधी विचारते, डॉक्टरांना दाखवलं का? नसेल तर पूड नाही. डब्यावर नाव, वजन, तारीख, आणि मोठ्या अक्षरांत 'सालासकट'.

तेव्हा प्रभाकरभावजी, मागच्या दिवाळीला तुम्हाला पाठवलेली पूड पांढरी होती. तुम्हीही पाहुणेच ना. ती झाडाला घाला आणि गोळ्या घेतल्या की नाही ते मला दोन ओळींत कळवा. बाकी ज्यांच्या घरी अशी पूड होते, त्यांनी ती सालाची की सोललेली, किती दिवस वाळवलेली, सगळं मोजून लिहा. मृणाल वही उघडून बसली आहे आणि मी फोन हातात धरून, तेव्हा उत्तराला उशीर लावू नका.