रहाडीवरची बायकांची वेळ

नाशिककरांनो, केस तीनदा धुतले तरी रंग निघत नाहीये, पण हे आजच लिहायचंय.

आज रंगपंचमी. आमच्याकडच्या रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या दगडी हौदात, उड्या मारायला बायकांची वेगळी वेळ असते. मी मामेबहीण श्रेयाला घेऊन गेले. श्रेया ट्रान्स आहे. मुलगा म्हणून वाढली, आता बाई म्हणून जगते. हे तिला विचारूनच लिहितेय.

रांगेत शेजारच्या कुसुमकाकूंनी मला बाजूला घेतलं. "ओल्या कपड्यांत आमच्या सुना-मुली असतात गं. जन्माने ती बाई नाही. मला अवघड वाटतं, तेवढंही बोलायचं नाही का?"

"बोला ना काकू. पण आपली वेळ वेगळी का ठेवली?"

"गर्दीत पुरुष नको तिथं हात लावतात म्हणून."

"मागच्या वर्षी ती पुरुषांच्या वेळेत गेली होती. तिलाही तेच हात लागले. रडत घरी आली. आता मी तिला तिकडं पाठवणार नाही. तिला उडी नाही, तर मलाही नाही."

काकू परत रांगेत गेल्या. मग श्रेयाला म्हणाल्या, "मला अजून पटलेलं नाही हां. पण तिकडं नको जाऊस. ये, माझ्या मागं उभी राहा."

वाद मिटलेला नाही. संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर पुन्हा झाला. फरक एवढाच, की या वेळी श्रेयाही बोलत होती.

तुमच्या ग्रुपवरही हा वाद चालतो ना? ज्यांच्याबद्दल चालतो, त्यांच्यातलं कुणी त्या ग्रुपमध्ये आहे का?